मॅटला पाजलेलं तेल

माझ्या वडिलांनी माझ्या घरचं पाणी पहिल्यांदा प्यायलं, तेव्हा माझ्या लग्नाला बरीच वर्षं होऊन गेली होती. आमच्या मावळात तशी रीतच होती. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. आता ती फारसं कोणी पाळत नाही, तेव्हाही पुष्कळ जण कानाडोळा करायचे. पण आबांनी ती पाळली म्हणजे पाळलीच. माझ्या पोटी लवकर काही राहिलं नाही, आणि त्याची शिक्षा मला अशी मिळाली. लोणावळ्याच्या बाजाराला आले की ते बंगल्याच्या फाटकाबाहेर उभे राहायचे, मला निरोप धाडून बाहेर बोलवायचे, उपरण्यात बांधलेल्या शेंगा नाहीतर तांदूळ माझ्या हातात द्यायचे आणि स्टेशनच्या नळावर जाऊन पाणी प्यायचे. उन्हानं तोंड रापलेलं, ओठ सुकलेले. मी तांब्या भरून फाटकापर्यंत न्यायचे, तर म्हणायचे, "ऱ्हाऊ दे बाय, अजून येळ हाय त्याला." मला राग यायचा. तांब्यातलं पाणी फाटकाजवळच्या जास्वंदीला ओतून मी पाय आपटत आत यायचे. जास्वंद मात्र छान फुलली.

माझे यजमान मूळचे मावळातल्याच इंदुरी गावचे. घरची शेती भावांवर सोडून ते मोटार शिकले आणि लोणावळ्यात मुंबईच्या एका मालकीणबाईंकडे ड्रायव्हर म्हणून लागले. बंगल्याच्या मागं आम्हाला दोन खोल्या होत्या आणि खोल्यांना लागूनच मोटारीची शेड. आबांना हे कधी नीट पचलं नाही. औत धरणारं घर बघून मुलगी दिली आणि जावई निघाला दुसऱ्याची मोटार पुसणारा, असं ते माझ्या आईजवळ बोलले होते, आणि आईनं ते इमानेइतबारे मला सांगितलं होतं. यजमानांच्या कानावरही ते गेलं असावं. दोघं समोरासमोर आले की एकानं विचारायचं, बरं हाय का, आणि दुसऱ्यानं म्हणायचं, बरं हाय. पुढं दोघंही माझ्या तोंडाकडं बघत उभे राहायचे. मला जगात फार काही नको होतं. आबांनी माझ्या घरी यावं, माझ्या हातचं पोटभर जेवावं, आणि पुन्हा पुन्हा यावं. एवढ्यासाठी मी खंडोबापासून एकवीरेपर्यंत सगळ्यांना साकडं घातलं होतं.

आता त्या मोटारीचं सांगते. उघड्या टपाची, मोठ्या दिव्यांची जुनी गाडी होती. मालक वारले तरी बाईंनी ती ठेवली होती. तिच्यात पायाखाली अंथरायच्या दोन काळ्या रबरी मॅट होत्या, एक पुढं ड्रायव्हरच्या पायाशी आणि एक मागं बाईंच्या पायाशी. विलायतेहून गाडीबरोबरच आलेल्या. लढाई सुरू झाली, जपान्यांनी रबराचे मळे घेतले, आणि बाजारातून रबर नाहीसं झालं. टायर ठिगळं लावून चालायचे, तिथं मॅट कुठली मिळायला. बाईंना घसरायची फार भीती. एकदा मुंबईत त्या पायरीवरून पडल्या होत्या, तेव्हापासून गाडीत चढताना आधी काठीनं मॅट टोचून बघायच्या आणि मगच पाय टाकायच्या. त्यामुळं यजमान त्या मॅटना जेवढं जपायचे तेवढं त्यांनी कशालाच जपलं नाही. माझ्यासकट.

रिठे रात्री भिजत घालायचे, सकाळी त्यांचं पाणी करायचं, नारळाच्या काथ्यानं हलक्या हातानं मॅट घासायच्या. सोडा नाही, गरम पाणी नाही. मग शेडच्या सावलीत भिंतीला टेकवून सुकवायच्या, उन्हात चुकूनसुद्धा नाही, कारण उन्हानं रबर तडकतं. सुकल्या की फडक्याच्या पुरचुंडीत शंखजिऱ्याची पूड घेऊन ती वरून आपटत फिरवायची. मॅट पांढुरक्या, करड्या दिसायला लागायच्या. टायरच्या ट्यूबला हीच पूड लावतात, हिनं रबर चिकटत नाही आणि मऊ राहतं, असं ते म्हणायचे. गाडी निघायच्या आधी फडक्यानं झटकली की पुन्हा काळी मॅट. आणि एक नियम तर घरात देवासारखा होता. पेडलजवळ तेलाचा थेंब जाता कामा नये. डोक्याला तेल लावून मी शेडमध्ये पाऊल टाकलं तरी ते म्हणायचे, हात धुतलेस का. घाटात ब्रेकवरून पाय सटकला तर माणूस थेट खोपोलीत, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी म्हणायचे, माझ्या पायांना भेगा पडल्यात, त्यांना पण एकदा कुणीतरी रिठ्यानं धुवा. ते हसायचे आणि धुवायचे मॅटच.

मग देवानं ऐकलं आणि मला मुलगी झाली. बाळंतपण टाकव्याला माहेरी झालं. पोर अंग धरून हसायला लागली तेव्हा वैशाखात आबा मला पोचवायला निघाले. बैलगाडीनं कामशेत, तिथून आगगाडीनं लोणावळं. सगळ्या वाटेत आबा कमी बोलले. डोक्यावर तांदळाचं गाठोडं, हातात करंजाच्या तेलाची बाटली. लढाईमुळं घासलेट मिळत नव्हतं, म्हणून दिव्यासाठी त्यांनी घरच्या करंजाचं तेल काढून आणलं होतं. बंगल्याचं फाटक आलं. मी पुढं झाले आणि मागं वळून बघितलं. आबा थांबले नाहीत. फाटकातून सरळ आत आले, आमच्या ओट्यावर बसले आणि मी दिलेला गूळ तोंडात टाकून तांब्याभर पाणी गटागटा प्यायले. दाढीवरून ओघळलेलं पाणी त्यांनी उपरण्यानं पुसलं आणि म्हणाले, "ग्वाड हाय तुज्या हितलं पानी." मी पोर त्यांच्या मांडीवर दिली आणि चुलीपाशी जाऊन रडले. धूर होता, म्हणून निभावलं.

पण आबांचा स्वभाव मला ठाऊक होता. रीत संपली तरी त्यांचा स्वतःचा एक कायदा होता. लेकीच्या घरचं खायचं तर हात हलवून खायचं, बसून नाही. मी तांदूळ निवडायला घेतले तोवर त्यांनी लाकडं फोडली. पाळण्याची दोरी सैल होती, ती आवळली. मग काम सापडेना, तसे ते अस्वस्थ झाले. इकडं तिकडं बघत ओट्यावरून उतरले आणि शेडकडं गेले. मला वाटलं, मोटार बघायला गेले असतील. मनातून बरंच वाटलं, म्हटलं जावयाचं काम तरी बघू देत.

यजमानांनी तेव्हा नुकत्याच मॅट धुऊन, सुकवून, शंखजिरं लावून भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या आणि बाईंची निघायची वेळ विचारायला ते बंगल्यात गेले होते. उन्हाळ्यात बाई लोणावळ्यात राहायला असायच्या, आणि कुपनावर मिळणारं पेट्रोल साठवून खंडाळ्याला मैत्रिणीकडं जायच्या. त्या दिवशी त्यांना अचानक घाई सुटली. यजमान पळत आले, गाडी पोर्चमध्ये नेली आणि बाईंना घेऊन फाटकाबाहेर पडले सुद्धा. जाताना मला हातानंच खूण केली, मामांना जेवायला घाल, माझ्यासाठी थांबू नकोस.

मी आबांना पाट मांडला. भात, आमटी, कुरडई आणि सणासुदीसारखी गूळ घातलेली खीर. लेकीच्या घरचा पहिला घास घेताना आबांनी डोळे मिटले. मी समोर बसून वारा घालत होते आणि मला वाटत होतं की आता मला काही नको. अर्धं जेवण झाल्यावर आबांना बोलायची हुक्की आली.

"जावईबापूंच्या मोटारीतली ती काळी कातडी लय कोरडी पडलीवती," ते म्हणाले. "पांढरी फटक. म्या दोन्हींना तेल पाजलं. पुढलीला जास्ती, तिथं पाय लागून झिजलंय. आन हाथरून बी ठिवली जाग्याव."

माझ्या हातातला पंखा थांबला. आबा काय बोलले ते मला लगेच कळलं, आणि ते तसं का वागले तेही. दर वैशाखात, विहिरीचं पाणी खाली गेलं की ते पाणी ओढायची कातडी मोट काढून घ्यायचे. उन्हानं कोरडं पडून पांढरं झालेलं मोटेचं कातडं अंगणात पसरायचे आणि करंजाचं तेल हातानं चोळून चोळून त्यात जिरवायचे. लहानपणी मी ते किती वेळा बघितलं होतं. कातड्याला तेल पाजल्याशिवाय पावसाळ्याला सामोरं जायचं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. शंखजिऱ्यानं पांढुरकी झालेली मॅट बघून त्यांना ती तहानलेली वाटली, आणि लेकीच्या घरच्या घासाची फेड म्हणून त्यांनी तिला पोटभर तेल पाजलं. आणि त्या तेलावर पाय ठेवून माझा नवरा बाईंना घेऊन खंडाळ्याच्या उताराला लागला होता.

मी ओरडायला हवं होतं. धावायला हवं होतं. पण धावून मोटार कुठं सापडते. आणि आबांच्या पानात अजून भात होता. मी एक शब्द बोलले असते तर ते पानावरून उठले असते, आणि एकदा लेकीच्या घरच्या पानावरून उठलेला माणूस पुन्हा त्या पाटावर बसला नसता. मी त्यांना भात वाढला. वर आमटी घातली. "बरं केलंत, आबा," असं म्हटलं, आणि ते कसं म्हटलं माझं मला माहीत. माझे कान रस्त्याकडं होते.  आबांनी खीर मागून घेतली, हात धुतले आणि ओट्यावर जाऊन आडवे झाले. घटकेत त्यांचं घोरणं सुरू झालं. पोर झोपली होती. मी फाटकाशी जाऊन उभी राहिले आणि त्या जास्वंदीची पानं तोडत बसले. देवांना सांगायलाही मला तोंड नव्हतं. एवढ्यातच तर त्यांच्याकडं मागितलेलं पदरात पडलं होतं.

उन्हं कलली तेव्हा गाडीचा आवाज आला. आवाज मी हजारात ओळखला असता. गाडी फाटकातून आत आली, मागं बाई ताठ बसलेल्या, पुढं आमचे हे. शाबूत. चेहरा मात्र काळाठिक्कर. मी फाटकाचा खांब धरला. बाईंना हात धरून त्यांनी खाली उतरवलं, बंगल्यात पोचवलं, आणि गाडी घेऊन शेडकडं वळले. मी मागोमाग पळाले.

झालं होतं ते असं. फाटकातून निघताना घाईत त्यांच्या काही लक्षात आलं नाही. मॅट जागेवर दिसल्या, त्यांना वाटलं मीच अंथरल्या. सपाट रस्त्यावर ब्रेकचं फारसं काम पडलं नाही. उतार सुरू व्हायच्या जरासं आधी समोर म्हशी आल्या, ब्रेकवर पाय दाबला, तर टाच मॅटवरून सरकली आणि पाय ब्रेकवरून निघाला. करंजाचा वास तेव्हा नाकात गेला. हातब्रेक ओढून त्यांनी गाडी कडेला घेतली. बाईंना सांगितलं, इंजिन तापलंय, बसून राहा. पुढची मॅट ओढून काढली, गुंडाळून मागच्या पेटीत टाकली, पेडल आणि आपले तळवे रस्त्यातल्या मातीनं घासले. बाई मैत्रिणीकडं उतरल्यावर त्यांच्या मॅटवरही मूठमूठ कोरडी माती टाकून फडक्यानं पुसून काढली. जाताना सावकाश गेले आणि येतानाही सावकाश आले.

"कुणी केलं हे?" त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता. मी सांगितलं. आणि तिथंच त्यांचे पाय धरायचे बाकी ठेवून म्हटलं की आबांना काही बोलू नका. त्यांना कळलं की आपल्या हातून काय होणार होतं, तर ते पुन्हा ह्या घरात पाऊल ठेवणार नाहीत. आज पहिल्यांदा जेवलेत ते.

हे मग म्हणाले, मी काही बोलणार नाही. पण मॅट तर आत्ताच धुवायला पाहिजे, ती काय पदराखाली लपवून धुवू?

खरंच होतं ते. त्यांनी चुलीतली राख मागितली. राखेनं आधी तेल ओढून घ्यायचं, मग रिठ्याचं पाणी. ते मागची मॅट घासायला बसले, मी पाणी ओतत होते. पुढच्या मॅटला हात लावला तर ती फुगून नरम पडायला लागली होती, बोट दाबलं की बोटाचा ठसा तसाच राहायचा. तेवढ्यात पाठीमागं पावलं वाजली. आबा उठून आले होते. त्यांनी राख बघितली, काथ्या बघितला, फुगलेली मॅट बघितली.  आबा एका क्षणात म्हातारे दिसायला लागले. ते वळले, ओट्यावर गेले आणि उपरणं झटकून गाठोडं बांधायला लागले. म्हणाले, "मी निगतो. सांजच्या गाडीनं जातो."

 इतकी वर्षं देवांना जे मागितलं ते सकाळी मिळालं आणि संध्याकाळी जायला निघालं. मला आबांचा राग आला, त्या मॅटचा राग आला, विलायतेचा राग आला.

हे जागचे उठले नाहीत. मॅटवरचा हात न थांबवता त्यांनी विचारलं, "मामा, पावसाळ्यात तुमी मोट कशी ठिवता वो? घडी घालून?"

आबा थांबले. कोणी शेतीचं काही विचारलं आणि आबा उत्तर न देता गेले, असं कधी झालं नव्हतं.

"घडी?" ते म्हणाले. "मोटंची घडी घातली तर घडीव चिरती ती. तिच्यात भाताचा प्येंढा भरायचा, गोल ठिवायची, आन आढ्याला टांगायची. चुलीपून लांब."

"मंग माजं चुकतंच," हे म्हणाले. "पावसाळ्यात गाडी उभी असती. मी ह्यांची घडी करून फळीव ठिवतो. बगा ही भेग. घडीवरच हाय."

आबा गाठोडं खाली ठेवून जवळ आले. उकिडवे बसले. ती भेग त्यांनी अंगठ्यानं चाचपली, आणि खात्री पटल्यासारखी मान हलवली. मग हळूच विचारलं, "तेलानं का बिघाडली ही? कातडं तर तेलानं सुधारतं."

"कातडं न्हाई ते, मामा. झाडाचा चीक हाय. वाळवून थापलेला."

आबांनी पुन्हा मॅटकडं बघितलं. "चीक," ते म्हणाले. "फणसासारका?" आणि मग त्यांच्या तोंडावर काहीतरी उमटलं. "मंग सुटणारच की. फणस कापताना हाताला तेल लावतो ते कशापायी? चीक सुटावा म्हनून. आन म्या चिकालाच तेल पाजत बसलो." ते आधी स्वतःशीच हसले, मग हे हसले, आणि मग दोघंही असे हसत सुटले की झोपलेली पोर जागी होऊन रडायला लागली. मी तिला उचलायला आत गेले. हसावं की रडावं ते मलाही कळत नव्हतं, पण छातीवरचा धोंडा उतरला होता. आबा सांजच्या गाडीनं गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाईंनी काठीनं पुढची जागा टोचली आणि मॅट कुठं गेली म्हणून विचारलं. ह्यांनी सांगितलं, माझ्या हातून तेल सांडलं. बाईंनी पुष्कळ ऐकवलं. रबर आता सोन्याच्या भावानंसुद्धा मिळत नाही, डोळे कुठं होते, ती घाण माझ्या गाडीत पुन्हा दिसायला नको, फेकून दे. ह्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. पुढं लढाई संपेपर्यंत ड्रायव्हरच्या पायाशी गोणपाट होतं. बाईंची मॅट मात्र वाचली होती. आबांनी तिच्यावर तेल कमी लावलं होतं, झिजलेली नव्हती म्हणून.

आणि त्या वाचलेल्या मॅटचा पावसाळ्याचा बंदोबस्त आबांच्या हाती गेला. ते महिनाअखेरीला मुद्दाम पेंढा घेऊन आले. जावयानं मॅट धुतली, सुकवली, पुरचुंडीनं शंखजिरं लावलं. सासऱ्यानं पेंढ्याची गुंडाळी केली, मॅट तिच्यावर सैल लपेटली, वरून सुती चिंधीनं बांधली आणि शेडच्या आढ्याला उंदीर पोचणार नाही अशी टांगली. दोघांत काम करताना फारसं बोलणं नव्हतं. जरा वर घ्या, हितं धरा, बास. पण बरं हाय का, बरं हाय, यापेक्षा ते पुष्कळ होतं. पावसाळ्यानंतर मॅट काढली तर नवी भेग एकही नव्हती. ह्यांनी ती घेऊन मला दाखवली, जसं काही मीच तिची सासू होते.

तेव्हापासून दर वैशाखात आबा यायचे. निरोप नाही, सांगावा नाही. बगलेत पेंढा, डोक्यावर तांदूळ. ओट्यावर पाऊल ठेवायच्या आधी विचारायचे, "मॅट ठिवायची झाली का न्हाई अजून?" काम तासाभराचं, आणि राहायचे चांगले आठवडाभर. नातीला खांद्यावर घेऊन तळ्यापर्यंत जायचे. पोटभर जेवायचे, मागून घ्यायचे. काम केलेलं असायचं ना. हात हलवलेले असायचे.

ती फुगलेली, बिघडलेली मॅट मात्र ह्यांनी फेकली नाही. आमच्या खोलीच्या माळ्यावर, जुन्या पत्र्याच्या डब्यामागं ती पडून असायची. तिला वास यायचा, धूळ चिकटायची. साफसफाई करताना मी दरवर्षी भांडायचे की ही घाण कशाला जपून ठेवलीय, जळणाला सुद्धा कामाची नाही. हे म्हणायचे, असू दे. मी विचारायचे, कशाला. तर पुन्हा, असू दे. हट्टी माणसाशी किती बोलणार, मी सोडून दिलं.

लढाई संपली. बाई थकल्या होत्या, लोणावळ्याला येणं कमी झालं, आणि एका हिवाळ्यात त्यांनी मोटार विकून टाकली. वाचलेली मॅट गाडीबरोबर गेली. आम्हाला त्यांनी खोल्यांत राहू दिलं, बंगल्यावर लक्ष ठेवायला, आणि हे उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर म्हणून लागले. आमचं तसं काही अडलं नाही. पण वैशाख जवळ आला तसा माझा जीव खाली-वर व्हायला लागला. टाकव्याला मोटार विकल्याचं कळवायचं मी टाळलं होतं. आबा ह्या घरी येतात ते कामाला येतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. नुसतं लेकीकडं जेवायला म्हणून ते कधी आले नव्हते आणि येणारही नव्हते. वाकलेली पाठ, थकलेले गुडघे, त्यात कारण नाही म्हटल्यावर कशाला उतरतील कामशेतला गाडी धरायला? एका संध्याकाळी मी हे यजमानांना बोलून दाखवलं. ते विडी ओढत राहिले.  मला वाटलं, ऐकलंच नाही.

आणि आबा आले. नेहमीसारखे, बगलेत पेंढा घेऊन. ओट्यावर न येता सरळ शेडकडं गेले. मी दारातून बघत होते. शेड रिकामी होती. जमिनीवर जुन्या तेलाचे डाग आणि भिंतीला सायकल. आबा उंबऱ्याशी उभे राहिले. पेंढा बगलेतच होता. मग त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं, आणि त्या बघण्यात मला पुढची सगळी वर्षं दिसली, फाटकाबाहेर उभे राहणारे आबा आणि स्टेशनचा नळ.

"इकली व्हय मोटार?" ते म्हणाले. "मंग माजं काय काम हितं."

माझ्या मागून हे बाहेर आले. अंगावर माळ्याची जळमटं, हातात ती फुगलेली, सुरकुतलेली, धुळीनं माखलेली मॅट.

"बरं झालं आलात, मामा," ते म्हणाले. "ही तशीच राहिलीया. मला एकट्याला उरकंना."

आबांनी मॅटवर अंगठा दाबला. ठसा उमटला आणि तसाच राहिला. ते ती मॅट ओळखत होते, स्वतःच्या हाताचं काम कोण विसरेल. मग त्यांनी जावयाच्या तोंडाकडं बघितलं.

"लय खराब झालीया," ते म्हणाले. "आठवडा तरी जाईल."

"जाऊ दे की," हे म्हणाले.

आबांनी पेंढा खाली ठेवला आणि बाह्या वर सारल्या. ह्यांनी मला रिठे भिजत घालायला सांगितले. मी रिठे भिजत घातले, आणि चुलीवर एका माणसाचं जास्तीचं आधण ठेवलं.